निवायला दिलेला वेळ

तडाही सुंदर दिसतो, हे आज टेबलावरच्या काचेच्या फुलदाणीकडे बघताना जाणवलं. ऊन त्यात अडकून चमकत होतं.

काल ती विद्यापीठातल्या आमच्या काचकलेच्या स्टुडिओत, भट्टीत हळूहळू निवत होती. कुलसचिवांना ती पाहुण्यांच्या सत्काराला लगेच हवी होती.

"उद्या न्या. घाईनं काढली तर तडकेल," ती घडवणाऱ्या सुलभाताई म्हणाल्या.

"घट्ट झालीय की आता!" भट्टीपाशी आलेले कुलसचिव साहेब म्हणाले.

आज फुलदाणी परत आली, सोबत ताईंकडून खुलासा मागणारं पत्र. ताईंनी ते घडी करून ठेवलं आणि मुलांना शिकवू लागल्या, "काच घाई विसरत नाही. फक्त उशिरा सांगते."

पत्रात माझं नाव नाही. काल साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि भट्टीचं दार मी उघडलं.