आ कर

"आ कर गो."

मुकादमाने हनुवटीला बोट लावलं. मी आ केला.

"जीब उचल."

जीभ उचलली. त्याने एका गालात वाकून बघितलं, मग दुसऱ्या. काजूचा गर चोरून खाल्ला का, त्याची ही झडती. रोजची, सकाळची पाळी सुटताना. कारखान्याच्या फाटकावर, भर रस्त्याला, सगळ्यांच्या देखत. माझ्यामागे बायकांची रांग, तिच्यात माझी आई. समोरून पोरं शाळेत चाललेली. त्यांच्यात माझ्या वर्गातली सुलभा, कारखान्याच्या मालकांची मुलगी. ती थांबली. माझ्याकडे बघून तिनेही हा एवढा आ केला आणि हसत सुटली.

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव पडलं, 'आ'.

साठ-एकसष्ट साल असेल. मी आठवीत होते. बाबा गलबतावर खलाशी, एका वर्षी मालवणाहून गेले ते परत आलेच नाहीत. आई कारखान्यात काजू फोडायची, तिच्याबरोबर मीही. उजाडल्यापासून शाळेच्या वेळेपर्यंत कारखाना, मग शाळा. भाजलेली बी ठोकळ्यावर धरायची, ठोकायची, गर अख्खा काढायचा. टरफलाचं तेल कातडी जाळतं. आम्ही हातांना राख फासायचो, तरी बोटं काळी पडायची, सोलपटायची. झडतीच्या रांगेत वेळ गेला की शाळेची प्रार्थना चुकायची. मग मास्तरांची छडी, त्याच हातांवर.

माझी फी माफ होती. ती माफी ज्यांच्या सहीने होती ते शाळेचे चेअरमन म्हणजे कारखान्याचे मालकच. आई दर दोन दिवसांनी बजावायची, "कारखानो तेंचो, शाळाय तेंचीच. तोंड सांभाळून रव गो बाय."

रहात होते. खाली मान घालून रहात होते.

शाळेची नवी खोली बांधून झाली. उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. स्वागतगीत एकटीने म्हणायला मास्तरांनी मला निवडलं. गळा चांगला होता माझा, बाकी काहीच नव्हतं. इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. आदल्या दिवशी विहिरीवर बसून नारळाच्या सोडणाच्या काथ्याने हात घासले. रक्त आलं, काळं गेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मास्तरांनी ओवाळायच्या, हार द्यायच्या मुलींना माझ्यासकट रांगेत उभं केलं. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांची नजर हातांवर गेली.

"हात जोडून गायचंय. हे हात पाहुण्यांना दाखवायचे? तू दाराआड उभी राहून म्हण. पुढे सुलभा राहील, ती नुसते ओठ हलवील."

मीठ वाढून घे म्हणावं इतक्या साधेपणाने ते हे बोलले. मी मान हलवली. सवयच होती.

दाराच्या फटीतून टेबल दिसत होतं. हार घातलेले पाहुणे, शेजारी मालक. मध्ये काजूगरांची बशी भरलेली, एकेक गर अख्खा, पांढराशुभ्र. आमच्या रांगेतल्या बायकांनी फोडलेले. पाहुणे बोलता बोलता तोंडात टाकत होते. त्यांच्या गालात कोणी वाकून बघत नव्हतं.

पेटी सुरू झाली. सुलभाने आपले गोरे हात जोडले आणि आ केला. तोच आ, फाटकासमोर केलेला.

माझं तोंड मिटलं. घट्ट.

पुढे तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर दाराआड धावत आले, माझा दंड धरून दातओठ खात म्हणाले, "तोंड उघड!"

मी दंड सोडवून घेतला आणि बाहेर आले, थेट टेबलासमोर. हात पुढे धरले. शाळेत शुद्ध बोलायचं असा दंडक होता, पण मालकांकडे बघून माझ्या तोंडून घरचंच निघालं.

"तुमच्या फाटकार मी रोज आ करतंय. आज तोंड उघडूचंय नाय."

आणि चालती झाले.

त्याच आठवड्यात फीमाफी गेली. कारखान्यातून मला काढलं. आईचं काम राहील, पण मी येऊन मालकांचे पाय धरायचे, असा निरोप आला. आईने मला बडवलं. मग स्वतःच रडत बसली.

"गायलंस असतंस तर जीव जातलो होतो तुझो? आता खातलंव काय?"

दुसऱ्या दिवशी ती मला ओढत फाटकापर्यंत घेऊन गेली. मी आत पाऊल टाकलं नाही. शेवटी तीच आत गेली, माझ्याऐवजी पाय धरले आणि कामाला बसली. मी फाटकाबाहेर थांबले. काम सुटताना मुकादमाने तिला सगळ्यांत जास्त वेळ आ करून उभं ठेवलं. गालात बोट घालून फिरवलं. तिचे डोळे माझ्यावर होते. शरमेने मरत होती ती. ज्याला शरम वाटायला हवी तो बोट धोतराला पुसत होता. मी नजर वळवली नाही. सगळं बघितलं.

माझी त्या गावातली शाळा सुटली. पुढे परगावी, लोकांची भांडी घासत पुरी केली, त्याचं कौतुक मला सांगायचं नाही. आई मात्र हातपाय चालत होते तोवर त्याच रांगेत आ करत राहिली. हे मी कोणालाही माफ केलेलं नाही.

आजही कुठे बायकांची अशी झडती होते असं कानावर आलं की मी तिथे जाते. फाटकाबाहेर उभी राहते. मुकादम हाकलतात, मी परत येते. बायकांना एवढंच सांगते, "आ करू नकात." एखादी तोंड मिटते. बाकीच्या घाबरतात, घरची चूल त्यांना दिसत असते. मला ते कळतं.

पण रांगेतल्या शेवटच्या बाईचं तोंड मिटेपर्यंत मी फाटकावरून हलणार नाही.