चित्रातले बँडवाले

“आधी सूर लागू दे,” असं म्हणून काकू पंजा हवेत उभा धरायच्या. मग समोर विद्यार्थी असो नाहीतर पाहुणा, गप्प बसायचं.

आमच्या घरी हे परवडणारं नव्हतं. बाबा साताऱ्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. यजमान “हं, वाजवा!” म्हणाला की वाजवायचं, तेही चालत. तुम्ही पाहिलं असेल, वऱ्हाड जेवून उठेपर्यंत बँडवाले मांडवाबाहेर असतात. लग्नं नसली की आमच्याकडे एकवेळचीच चूल. त्या घरातली मी पहिली पदवीधर. सिंगापूरला नोकरी लागली आणि मी सांगायला लागले, “बाबा संगीत क्षेत्रात आहेत.”

काकू तिथेच, बुकित पंजांग भागात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. मुलांना पेटी शिकवायच्या. पेटीमागच्या भिंतीवर चारशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन तैलचित्राची छापील प्रत होती. दाटीवाटीने बसलेली चार पोरं, एकाचा खांदा उघडा, एक जण वाद्याच्या तारा जुळवतोय.

“काकू, काय हे उघडंवाघडं!” मी एकदा म्हटलं.

“कपडे भाड्याचे असतील गं. पण बघ, सूर लावायला बसू दिलंय त्यांना.”

मला राहवलं नाही. बाबांचं खरं सांगून टाकलं.

“मग क्षेत्र-बित्र काय म्हणतेस? बँड म्हण की!”

पुढच्या गणपतीत बाबा सिंगापूरला आले होते. काकूंनी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं नाव घातलं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, “बँड मिरवणुकीत ठीक आहे, काकू. इथे दारात वाजवू देत. स्टेजवर बरं दिसत नाही.”

“मग माझी मुलंही नाही दिसणार. चला रे, पेट्या उचला!”

बाबांना स्टेजवर आठ मिनिटं मिळाली.

एसीत क्लॅरिनेट गारठलं, सूर उतरला. बाबा सवयीने तसेच उभ्याने सुरू करणार, तेवढ्यात काकू खुर्ची घेऊन आल्या. “बसा. आधी सूर लागू द्या.”

“काकू, टाइम!” खालून सेक्रेटरी.

काकूंचा पंजा हवेत. अख्खा हॉल गप्प. बाबा फुंकून फुंकून क्लॅरिनेट गरम करत होते, काकू आता पेटीवर बसून षड्ज धरून होत्या. अखेर दोन्ही सूर एक झाले, तशी काकूंची एक विद्यार्थिनी सिंगापुरी ढंगात ओरडली, “अंकल, ओके लाह!”

काकू जाऊन दोन वर्षं झाली. चित्र आता माझ्या हॉलमध्ये आहे. कोणी विचारलं, तर सांगते, “बँडवाले आहेत. माझ्या बाबांसारखे.”

बाबांनी आयुष्यभर चालत वाजवलं. सिंगापुरात त्यांनी स्टेजवर, खुर्चीत बसून, सूर लावून वाजवलं.