कागदी पट्टीचा डोस
बडीशेपेच्या वासाचं औषध नाकाशी आलं की मी आजही मरोळच्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन उभा राहतो. दीड वर्षाच्या लेकीला खोकला झाला होता आणि बायको कामावर गेल्यामुळे औषध पाजायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा कंपाउंडर बाटलीवर डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. ती बाटली गळायला लागली, म्हणून मी तेलाची रुंद बाटली सतरा वेळा धुतली, औषध तिच्यात ओतलं आणि पट्टी अलगद सोडवून भाताच्या शितांनी तिच्यावर डकवली. एक खाचभर पाजलं, पोर गाढ झोपली आणि मी स्वतःला सिव्हिल सर्जन समजू लागलो. तेवढ्यात दारावर मासळी घेऊन आलेल्या कोळीण मावशीला मी ही करामत कौतुकाने दाखवली, तर ती म्हणाली, "अरे शहाण्या, बाटली जाडी झाली, मग खाच तीच कशी रे?" पोरीला खांद्यावर टाकून, दोन्ही बाटल्या घेऊन मी असा धावलो की बस मागे पडली. दवाखान्यात कंपाउंडरने मापून पाहिलं. "दुप्पट गेलंय." डॉक्टर तिला हलवत होते, तेवढ्यात मी देवांना इतके नारळ बोललो की कोकणात झाड उरलं नसतं. शेवटी तिने डॉक्टरांचा चष्मा ओढला आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. आता ती तिच्या लेकासाठी मापाचं झाकण डोळ्यांसमोर धरून औषध ओतते, आणि मी रोज विचारतो, "झाकण याच बाटलीचं ना गं?"