लाजरची पट्टी

गॉजची नवी गुंडाळी उघडली की दवाखान्यासारखा कोरडा वास येतो, आणि मला श्रीरामपूरकडच्या मिशनच्या शाळेतला माझा सरावपाठ आठवतो. कॅथलिक शाळेत पवित्र शास्त्र शिकवायचं प्रशिक्षण घेत होते मी, आणि वाट्याला लाजरची गोष्ट आली होती. मेलेल्या लाजरला येशूने हाक मारली आणि तो अंगावरच्या प्रेताच्या पट्ट्यांसकट कबरेतून चालत बाहेर आला, ती. माझ्या वडिलांना, आप्पांना, माती देऊन आठवडा झाला होता. पाठ तपासायला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, पाठ पुढे ढकलू या. मी नको म्हटलं. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येत होता. चौथीतल्या एका मुलीला गॉजची पट्टी गुंडाळून टेबलाखाली निजवलं आणि मोठ्यांदा म्हणाले, “लाजरा, बाहेर ये!” ती रांगत बाहेर आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आमच्याच वस्तीवरची एक मुलगी उभी राहिली. “बाई, आप्पांना बी मारा ना अशी हाक. लांब न्हाई, चर्चच्या मागंच तर हायेत.” मागच्या बाकावर सिस्टरांचं पेन थांबलं. मला काहीच वाटलं नाही. मी घड्याळ पाहिलं, फळा पुसला, गृहपाठ दिला. संध्याकाळी चर्चमागच्या कबरस्तानात गेले. माती अजून भुसभुशीत होती. वर्गातल्याच आवाजात एकदा हाक मारली, “आप्पा, बाहेर या.” मग प्रशिक्षणाच्या हॉस्टेलला जायच्या एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघाले. आता नव्या शिक्षिकांना हा पाठ मीच करून दाखवते, पट्टीही मीच गुंडाळते. हाक मात्र त्यांच्यातल्या कुणाला तरी मारायला लावते.