सिस्टरांचा भाचा

दवाखान्यातल्या सिस्टर शाळाशाळांतून वयात येणाऱ्या मुलामुलींशी बोलायला जायच्या. विषय निघाला की वर्गात खसखस पिकायची, आणि वर्गशिक्षकांना नेमकं तेव्हाच ऑफिसातलं काम आठवायचं. हसू ओसरेपर्यंत सिस्टर खुशाल थांबायच्या. मग शरीर, पाळी, आजार, सगळ्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलायच्या. समोरचं माणूस गप्प आहे म्हणजे ते हो म्हणतंय असं नाही, हेही न चुकता सांगायच्या.

एका शाळेत बोलणं संपल्यावर नववीतली एक मुलगी मागे रेंगाळली. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "फोटो मीच पाठवला होता. मग चूक माझीच ना?"

सिस्टरांनी तिला जवळ बसवलं, तसं हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजात अकरावीला असलेल्या एका मुलाशी तिची मैत्री होती. तिने ती तोडली, तर आता सगळ्यांना फोटो दाखवीन असं धमकावून तो तिला भेटायला बोलवत होता. परवा ती रडत रडत नाही म्हणाली तेव्हा त्याने हात पिरगाळला होता. मनगट अजून काळंनिळं होतं.

"तू विश्वासाने पाठवलास," सिस्टर म्हणाल्या. "धमकावतोय तो. चूक त्याची."

मुलाचं नाव विचारलं आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. तो त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा निघाला. वहिनी अंथरुणाला खिळली होती तेव्हा वर्षभर त्यांच्याकडेच राहिलेला, त्यांच्याच हातचं जेवलेला.

त्यांनी मुलीला नातं सांगून टाकलं. मुलीचा चेहरा पडला. ती दप्तर उचलून निघालीच होती. "भाचा असला तरी मी तुझ्या बाजूने आहे," म्हणत सिस्टर तिच्याबरोबर निघाल्या, तिच्या आईला भेटल्या आणि दोघींना घेऊन पोलीस चौकीत गेल्या. तक्रार नोंदवून होईपर्यंत हलल्या नाहीत.

दादाने आधी समजावलं, मग हात जोडले. पोराच्या आयुष्याची माती होईल, घरातलं घरात मिटवू, म्हणाला. सिस्टर रडल्या, पण मागे हटल्या नाहीत. तेव्हापासून दादाने बोलणं टाकलं.

भाच्याला चौकीत आणलं तेव्हा तो भिंतीकडे बघत बसला होता. सिस्टर जवळ गेल्या, तसा म्हणाला, "आत्या, जगभरच्या पोरांना शिकवत फिरतेस. मला कधी सांगितलंस यातलं?"

घरच्या पोराशी असलं काय बोलायचं, म्हणून त्यांनी खरंच कधी विषय काढला नव्हता.

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण ती रडत होती, ते तुला दिसत होतं ना?"

त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचा फोन जप्त झाला, पुढचं काम बाल न्याय मंडळाकडे गेलं.

मुलीची सुटका मात्र एवढ्यावर झाली नाही. अब्रूच्या धास्तीने तिच्या वडिलांनी तिची शाळाच बंद केली. सिस्टर त्यांच्या दारात पुन्हा पुन्हा जात राहिल्या. शिक्षा तुमच्या मुलीला कशासाठी, एवढंच विचारत राहिल्या. शेवटी आईने धीर केला आणि एका सकाळी स्वतःच मुलीला शाळेत सोडून आली.

आता ती शाळेत जाते. शेवटच्या बाकावर एकटी बसते. सिस्टर भेटल्या की कधी चार शब्द बोलते, कधी मान फिरवून निघून जाते. सिस्टर तिला थांबवत नाहीत.