आंब्याला जामीन

एरवी लोकल उशिरा आली की माझं डोकं फिरतं. फाल्गुनात मात्र मळवलीच्या फलाटावर मला जरा उशीर चालतो. फलाटामागच्या काटेसावरीवर तेव्हा एकही पान नसतं, नुसती लाल फुलं, आणि प्रत्येक फुलावर कोणी ना कोणी भांडत असतं. मैना, बुलबुल, कावळे, सगळे. गाडी सुटली की कामशेतपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी पळस पेटलेले दिसतात. तळेगावला ऑफिसात पोचते तेव्हा मी उगाचच खूश असते, आणि दुपारपर्यंत कामांचा फडशा पाडलेला असतो.

यंदा या सगळ्या आनंदात एक खडा होता, आणि तो आमच्याच परसात उभा होता. आंबा.

नवऱ्यानं कधीतरी आंबा खाऊन कोय मागच्या दारी पुरली, तिचं हे झाड. आता गच्चीच्या वर गेलंय. गावभर मोहोराचा वास सुटतो, शेजारचं कलम तर पांढुरकं होऊन जातं, आणि आमचं झाड हिरवंगार, निवांत, काही देणं लागत नसल्यासारखं. उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी खाली जातं, म्हणून जमिनीखाली टाकी बांधायची असं मी ठरवलं. जागा मापली. आंबा बरोबर मधे येत होता. फ्रिजवरच्या यादीत मी लिहिलं: पुरणाची डाळ, गाद्यांना ऊन, धुळवडीनंतर जेसीबी, आंबा काढणे.

नवऱ्यानं यादी वाचली आणि म्हणाला, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नको. पण 'नको' हा शब्द त्यानं लग्नापासून कधी वापरलेला नाही. त्यानं चष्मा पुसला आणि झाडाला पाणी घालायला गेला.

होळीच्या आदल्या दिवशी दूध घालणाऱ्या मावशी आल्या. त्या वरच्या वाडीतून येतात आणि दुधाबरोबर मतंही घालून जातात.

"ताई, आंब्यानं यंदाबी तोंड फिरवलं व्हय?"

"फिरवलं. धुळवड झाली की काढून टाकतोय."

मावशींनी किटली खाली ठेवली. "दम दिला का त्येला?"

"कोणाला?"

"झाडाला. काय बी न सांगता तोडताय? नोटीस तरी द्या की."

मग त्यांनी रीत सांगितली. होळीच्या सकाळी एकानं झाडावर कुऱ्हाड उगारायची. फळ नाही, फूल नाही, आज तोडतोच, असं म्हणायचं. दुसऱ्यानं येऊन हात धरायचा. राहू द्या, पुढच्या साली धरेल, मी जामीन, असं म्हणायचं. झाड ऐकतं आणि घाबरून मोहोरतं.

"आणि नाही मोहोरलं तर?"

"मंग जामीनदाराला धरायचं."

"बरं. मग कुऱ्हाड ह्यांच्याकडे देते."

"दादांकडं नगं. त्यांच्या त्वांडातून खरं न्हाई वाटायचं. तुमी धरा. तुमाला खरंच तोडायचाय."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. इतका उजळलेला चेहरा मी त्याच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. त्या रात्री दात घासताना, दुसऱ्या दिवशी पहाटे दाढी करताना, बाथरूममधून आवाज येत होता: "राहू द्या. मी जामीन." एकदा दमदार, एकदा विनवणीच्या सुरात. मी पुरण शिजवत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही उत्साहात होते. शाळेच्या गॅदरिंगनंतर मला कोणी भूमिका दिलेली नव्हती.

सकाळी मावशी, नवरा आणि मी परसात गेलो. मी कुऱ्हाड उचलली. वाटली त्यापेक्षा जड होती.

"फळ नाही, फूल नाही," मी म्हणाले, "आज तोडतेच."

इथं थांबायचं होतं. पण मला सूर सापडला. पन्हाळीत पानं अडकतात ती कोणामुळे, हे मी झाडाला विचारलं. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मुंग्या स्वयंपाकघरात येतात, शेजाऱ्यांकडून कैऱ्या मागाव्या लागतात, तेही काढलं. मावशी मान डोलवत होत्या. मग माझे मुद्दे संपले. कुऱ्हाड डोक्यावर होती. मी वाट पाहिली.

कोणी हात धरला नाही.

मी तिरक्या नजरेनं पाहिलं. नवरा एक पाऊल पुढे येऊन थांबला होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता. झाडाकडे बघत होता, दवाखान्याबाहेर बसलेली माणसं दाराकडे बघतात तसा. तेव्हा मला कळलं की यातलं नाटक फक्त माझं होतं. जेसीबी खराच येणार होता आणि ते त्याला पाठ होतं.

"दादा, बोला की," मावशी म्हणाल्या. "ताईंचा हात भरून आला."

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"राहू दे," कोणीतरी म्हणालं. "मी जामीन."

आवाज माझा होता. कुऱ्हाड मी हळूच खाली टेकवली.

"अवो, तोडणारीच जामीन?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "असं कुटं असतंय व्हय?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "असू द्या. झाडाला जामीन मिळाल्याशी मतलब."

पुरणपोळ्या लाटताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, एवढी तालीम केलीत, मग बोलला का नाहीत?"

"तुझं चाललं होतं ना," तो म्हणाला. "मधे कसा बोलणार?"

मी पोळी तव्यावर टाकली आणि ठेकेदाराला फोन लावला. टाकी आता पुढच्या अंगणात होणार, मेथी-कोथिंबिरीचे माझे वाफे आहेत तिथं. दोरी लावून आखलेले, सरळ रेषेतले वाफे. खणताना मी तिकडे पाहिलं नाही. पण फाटकाजवळ असल्यामुळे जेसीबीचं काम लवकर उरकलं, हेही नोंदवायला हवं.

आता रोज सकाळी लोकल पकडायच्या आधी मी मान वर करून झाडाखाली उभी असते. जामीनदाराला हे करावंच लागतं. झाडाला तांबूस, लवलवीत पालवी फुटली आहे. मावशी दूध ओतताना वर बघतात आणि म्हणतात, "पानं झ्याक हायेत. पर पानांवर तुमची सुटका न्हाई व्हायची, ताई."

परवा शेंड्याजवळ मला काहीतरी वेगळं दिसलं. लालसर, तुरा असल्यासारखं. मी एक चप्पल घातलेली, दुसरी हातात. लोकलचा भोंगा ऐकू आला आणि मी हलले नाही.

नवरा धावत बाहेर आला. "काय झालं? गाडी गेली ना."

"जाऊ दे. तो शेंडा बघा."

त्यानं चष्मा पुसला, लावला, मान वाकडी केली. "पालवीच असेल. आता कुठला मोहोर?"

"नक्की?"

"नक्की नाही."

"चला मग," मी दुसरी चप्पलही काढून ठेवली. "गच्चीवरून बघू."