पंचआबांचं अनुमोदन

अनुमोदनाशिवाय ज्याच्या घशाखाली घोट उतरत नसे असा माणूस जगात एकच झाला, आणि तो वलवणला आमच्या शेजारी राहत होता. आम्ही त्यांना पंचआबा म्हणत असू. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, प्रेसबितेरियन. म्हणजे वरून हुकूम सोडणारा बिशप नाही, आपणच पंच निवडायचे, एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. खंडाळ्याच्या घाटात रुळांचे बोल्ट आवळण्यात हयात गेलेल्या आबांना ही पद्धत इतकी भावली, की ती त्यांनी थेट चुलीपर्यंत नेली. सकाळी ओसरीवरून पुकारत, "च्या व्हावा, असा ठराव मांडतो!" आतून त्यांची बायको, आमची मावशी, म्हणे, "अनुमोदन. पर दूध न्हाई." कोणाचाही ठराव अनुमोदनावाचून पडलेला त्यांना बघवत नसे. "मानूस एकटा उभा ऱ्हातो गं बाई, लय वंगाळ दिसतं." एकदा बाजारात कोणी अनोळखी गृहस्थ "काय उकडतंय!" म्हणाले, तर आबांनी हात वर करून त्यांनाही अनुमोदन दिलं.

ठाकरवाडीतली मंडळीची शाळा आबांनीच खटपट करून आणलेली. भिंती स्वतः लिंपल्या, घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला आणि शिकवायला मला नेमलं. मी अठरा वर्षांची, सातवी पास, ऊन नसतानाही पुण्याची छत्री उघडून फिरणारी. फळ्यापेक्षा माझं लक्ष माझ्या अंबाड्याकडे. तरी अकरा मुलं आपापलं नाव लिहायला शिकली. ती देवाची करणी, माझी नव्हे.

मग लोणावळ्याला सगळ्या मंडळ्यांची सभा भरली. विलायतेची मदत थांबली होती. चिटणिसांनी मान खाली घालून ठराव मांडला, ठाकरवाडीची शाळा बंद करावी. अनुमोदन कोणीच देईना. सगळे छताकडे बघत बसले. अजून थोडा वेळ तसाच गेला असता, तर ठराव तिथेच पडला असता. आबा तर विरोधाचं भाषण पाठ करून आलेले. पण चिटणीस बिचारे एकटे उभे, घाम पुसताहेत. आबा चुळबुळले, आणि हयातभराच्या सवयीने त्यांचा हात वर गेला. "अनुमोदन!"

मी फिस्सकन हसले. मागच्या बाकावर, तोंडाला पदर लावून, हसले! ठराव मंजूर झाल्याचं ऐकलं तेव्हा कुठे या दीडशहाणीला कळलं, शाळा गेली.

दुसऱ्या दिवशी आबा दारात आले. टोपी हातात. "बाई, मला माफी मिळावी, असा ठराव मांडतो." मी छत्री उघडली आणि त्यांच्यासमोरून निघून गेले. वळणावरून पाहिलं, तर ते तसेच उभे होते, एकटे.

त्यानंतर आबांनी कसलाच ठराव मांडला नाही. मावशी विचारायची, "च्या करू का?" तर नुसती मान हलवत. तसेच एक दिवस वारले. शाळेत लोक गुरं बांधू लागले. पुढे लढाईच्या दिवसांत त्या अकरांतली एक मला रेशनच्या रांगेत दिसली. अंगठा उठवत होती.

हल्ली सकाळी चहाचा कप हातात आला, की मी मोठ्याने "अनुमोदन" म्हणते. सुनेला वाटतं, साखर बरोबर पडली.